मानसिक आरोग्यसेवकांमधील कलंकभावना

मानसिक आरोग्यसेवकांमधील कलंकभावना म्हणजे मानसिक आजार असलेल्या व्यक्तींविषयी मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समुपदेशक इत्यादींच्या मनात असलेले पूर्वग्रह व त्यांतून घडणारी भेदभावाची वागणूक होय. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्या १९६३ मधील ग्रंथामुळे कलंकाची संकल्पना सामाजिक शास्त्रांत रुजली.

स्वरूप

ही भावना बहुधा उघड तिरस्काराच्या रूपात दिसत नाही. रुग्णाला वगळून केवळ नातेवाइकांशी बोलणे, तो बरा होण्याची आशा सोडणे, उपचारांचे निर्णय परस्पर घेणे ही तिची नेहमीची लक्षणे आहेत. छातीत दुखण्यासारखी तक्रारही मानसिक आजाराचाच भाग समजली जाते आणि शारीरिक आजाराचे निदान लांबते.

सातारा व सांगली

महाराष्ट्र शासनाची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), रत्नागिरी व नागपूर येथे आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांतील रुग्ण त्यामुळे प्रथम जिल्हा रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, खासगी दवाखाने किंवा साताऱ्यातील ‘परिवर्तन’सारख्या संस्थांकडे येतात. सर्वसाधारण रुग्णालयात उपचार मिळाल्यास ‘येरवड्याला पाठवले’ हा शिक्का टळतो. मात्र तेथील डॉक्टर व परिचारिकांच्या वागणुकीवर रुग्ण पुन्हा येईल की नाही, हे अवलंबून राहते.

कायदेशीर तरतुदी

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. कलम २० सन्मानाने जगण्याचा, तर कलम २१ शारीरिक रुग्णांच्या बरोबरीने आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देते. कलम ३० नुसार कलंक कमी करणारे कार्यक्रम आखणे व राबवणे ही शासनाची जबाबदारी आहे.

उपाय

केवळ माहिती देणारी व्याख्याने अपुरी ठरतात. आजाराची जैविक कारणे सांगितल्याने रुग्णाला दोष देणे कमी होते. परंतु तो कधीच बरा होणार नाही, हा समज बळावू शकतो. आजारातून सावरलेल्या व्यक्तींशी समान पातळीवर आलेला संपर्क अधिक उपयुक्त आढळला आहे. सेवकांना एरवी रुग्ण तीव्र अवस्थेतच भेटतात. सावरलेले रुग्ण दवाखान्यात क्वचित येतात. त्यामुळे अशा व्यक्तींना प्रशिक्षक किंवा सहकारी म्हणून सामावून घेतल्यास हे अपुरे चित्र बदलते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ही पद्धत रूढ आहे. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) माजी रुग्ण कार्यकर्ते म्हणून काम करतात. अशा संपर्काचा परिणाम कालांतराने ओसरू शकतो. म्हणून प्रशिक्षण वेळोवेळी द्यावे लागते.