दोतोनबोरीचा मूळपुरुष व तेथील खाद्यपेठ

जपानांतील ओसाका शहराच्या दक्षिण भागांत दोतोनबोरी नांवाचा एक कालवा असून त्याच्या कांठची पेठ खाण्यापिण्याविषयीं सर्व जपानांत नामांकित आहे. ‘बोरी’ म्हणजे खणलेला कालवा आणि ‘दोतोन’ हें तो खणण्यास आरंभ करणाऱ्या पुरुषाचें नांव. परंतु हा दोतोन कोणत्या कुळांतला, ह्या प्रश्नाचा उलगडा कालवा खणल्यावर साडेतीनशें वर्षांनीं, तोही एका दिवाणी दाव्याच्या निमित्तानें झाला. जुन्या कागदांचा संग्रह करणारांस ही हकीकत उपयोगाची वाटेल, म्हणून ती प्रथम देतों व मग पेठेकडे वळतों.

कालव्याच्या खोदकामास इ. स. १६१२ त आरंभ झाला. त्या वेळीं ओसाकाच्या किल्ल्यांत तोयोतोमि घराण्याची सत्ता अद्याप टिकून होती. दोतोन, यासुइ जिहेइ, यासुइ कुहेइ व हिरानो तोजिरो हे ह्या कामाचे प्रवर्तक. पैकीं जिहेइ दुखण्यानें वारला. आणि १६१५ च्या वेढ्यांत दोतोन तोयोतोमींच्या बाजूनें किल्ल्यांत राहून पडला. उरलेलें काम कुहेइ व तोजिरो यांनीं त्याच वर्षीं तडीस नेलें. ह्याच कुहेइस पुढें दोबोकु हें नांव मिळालें. वेढ्यानंतर ओसाका मात्सुदाइरा तादाआकि याच्या हातीं आलें. हा तोकुगावा इएयासूच्या मुलीचा मुलगा, म्हणजे जेत्या पक्षाचा अगदीं घरचा मनुष्य. पण कालव्यास दोतोनचें नांव त्यानेंच दिलें. शत्रुपक्षाकडून लढतां लढतां मेलेल्या मनुष्याचें नांव विजयी पक्षाच्या अधिकाऱ्यानें चालू ठेवावें, हें थोडें विलक्षणच. त्यांत औदार्य किती आणि उजाड झालेलें शहर पुन्हां वसविण्याकरितां स्थानिक मंडळींचें मन राखण्याची गरज किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें. आमचा कल दुसऱ्या कारणाकडे आहे.

दोबोकूचें घराणें पुढें ओसाकाच्या दक्षिण विभागाच्या नगरप्रमुखपणावर पिढ्यान्पिढ्या राहिलें. कागद त्याच घरीं राहिले आणि दोतोनही त्याच घरचा समजला गेला. ‘यासुइ दोतोन’ हें नांव इतकें रूढ झालें कीं, १९१४ सालीं त्यास मरणोत्तर दरबारी पदवी मिळाली आणि पुढील वर्षीं निप्पोनबाशि पुलाच्या उत्तर टोकाशीं यासुइ दोतोन व यासुइ दोबोकु ह्या दोघांची स्मारकशिला उभी राहिली.

१९६५ सालीं यासुइ घराण्याच्या वंशजानें सरकार, ओसाका प्रांत व ओसाका शहर यांवर दावा लाविला. कालवा पूर्वजांनीं खणला, सबब त्याच्या तळाच्या भूमीवर आमची मालकी आहे, असें वादीचें म्हणणें. दावा अकरा वर्षे चालून १९७६ त ओसाका येथील जिल्हा न्यायालयानें तो फेटाळिला. परंतु त्या निमित्तानें सतराव्या शतकांतील कागदांची जी कसून तपासणी झाली, तींत दोतोन हा यासुइ नसून हिरानो गांवच्या नारियासु कुळांतला होता, असें निष्पन्न झालें. कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासक माकि हिदेमासा यांनीं ह्या खटल्यावर १९८१ त स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. भूमि मिळाली नाहींच. उलट तिच्या पायीं घराण्याचा नामांकित पुरुषही हातचा गेला! आमच्याकडील वतनदारांचे करीने वाचणारांस ह्यांत नवल वाटूं नये. अधिकाऱ्यापुढें आपला पूर्ववृत्तांत मांडतांना कोणतेंही घराणें शेजारचा कर्तबगार पुरुष आपल्या वंशावळींत ओढून घेण्यास फारसें कचरत नाहीं. मात्र मुद्दाम खोटें लिहिलें गेलें असेंच म्हणण्याचें कारण नाहीं. कागद ज्याच्या पेटींत, पुरुषही त्याचा, असें आपोआपच होत जातें.

आतां पेठेविषयीं. दोतोनबोरीस अन्नाची कीर्ति आली ती नाट्यगृहांच्या मागून. १६२६ सालीं कालव्याच्या दक्षिण तीरावर नाट्यगृहांस परवानगी मिळाली. १६८४ त ताकेमोतो गिदायु यानें आपलें बाहुल्यांचें नाट्यगृह येथेंच उघडलें आणि १७०३ त चिकामात्सूचें ‘सोनेझाकि शिन्जू’ हें प्रसिद्ध नाटक तेथेंच प्रथम झालें. त्या काळचा खेळ दिवसभर चाले. प्रेक्षकांची खाण्यापिण्याची सोय नाट्यगृहांस लागून असलेलीं चहागृहें करीत, आणि दोन अंकांच्या मधल्या वेळांत भाताच्या लहान मुटक्यांची शिदोरी खाण्याची चाल पडली. नटांची मिरवणूक नावांतून कालव्यानें येई. अशा ठिकाणीं खाद्यविक्रेत्यांची दाटी न होती तरच आश्चर्य.

ह्या खाण्याचा उत्तम साक्षीदार कितागावा मोरिसादा होय. हा १८१० सालीं ओसाकांत जन्मला, १८४० त एदो शहरीं गेला, आणि १८३७ पासून त्यानें ‘मोरिसादा मान्को’ नांवाचें सचित्र टिपण चालविलें. दोन्ही शहरांत राहिल्यामुळें तो प्रत्येक वस्तु तुलनेनें पाहतो: ओसाकाकडे वाम मासा पोटाकडून चिरतात, एदोंत पाठीकडून, ओसाकाकडे भात व मासे लांकडी पेटींत दाबून सुशि करतात, एदोंत मुठीनें वळतात. १८५३ त अमेरिकेचीं लढाऊ जहाजें आलीं तेव्हां युद्धाच्या आगीच्या भयानें त्यानें हस्तलिखिताची पेटी कावागोए येथील नातलगांकडे ठेविली. त्याच्या हयातींत तें छापलें गेलें नाहीं. छापून निघालें १९०८ सालीं. मूळ हस्तलिखित आज जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. ती पेटी कावागोएस न जाती तर काय झालें असतें, असा विचार संग्राहकांच्या मनांत आल्याखेरीज राहणार नाहीं.

ओसाकाच्या स्वयंपाकाचा पाया मात्र टिपणापेक्षां व्यापारांत शोधावा लागतो. १६७२ सालीं पश्चिम किनाऱ्याचा जलमार्ग नीट बांधला गेल्यावर उत्तरेकडील एझो बेटाचें कोन्बु, म्हणजे वाळविलेलें समुद्रशेवाळ, ओसाकाच्या बाजारांत येऊं लागलें. त्याच्या सारावर, ज्यास दाशि म्हणतात, येथील उदोन शेवयांचें पाणी व बहुतेक सर्व कालवणें आधारलेलीं आहेत.

आज दोतोनबोरींत सर्वांत मोठी गर्दी दिसते ती ताकोयाकीच्या दुकानांपुढें. आमच्या आप्पेपात्रासारख्या गोल खळग्यांच्या बिडाच्या तव्यांत दाशींत कालविलेलें गव्हाचें पीठ ओतून, मध्यें अष्टपाद जलचराचा तुकडा घालून, तो गोळा टोच्यानें फिरवीत भाजतात. पाहणारास हा पदार्थ चिकामात्सूच्या काळचा वाटावा. परंतु तो १९३५ सालचा आहे. एंदो तोमेकिचि हा ओसाकाचा विक्रेता प्रथम गोमांसाचा तुकडा घालून असे गोळे विकी. आकाशि गांवीं अष्टपाद घालतात असें समजल्यावर त्यानें तोच फेरफार केला. आरंभीं ह्यावर दाट मसालेदार रस नव्हता, तो महायुद्धानंतरचा. म्हणजे नाट्यगृहांपाशीं खाण्याची चाल जुनी, पण खाण्याचा जिन्नस बहुधा आजोबांच्या पिढींतला, असा येथील प्रकार आहे.

जुन्या इमारती पाहूं जाणारानें फार अपेक्षा ठेवूं नये. मार्च १९४५ मधील विमानहल्ल्यांत हा भाग जळाला. नाकाझा नांवाचें प्रख्यात नाट्यगृह पुन्हां उभें राहिलें होतें, तेंही २००२ सालीं पाडतांना आग लागून गेलें आणि मागील होझेन्जि देवळाची गल्लीही भाजली. त्या गल्लींतील दुकानदारांनीं रुंदीकरण टाळून गल्ली अरुंदच ठेवली. देवळाजवळ गोड अझुकी डाळीची पेज एका गिऱ्हाइकास दोन वाट्यांत वाढतात. तिच्या नांवाची ओदा साकुनोसुके याची कथा १९४० त प्रसिद्ध झाली.

निप्पोनबाशि पुलापाशीं १९१५ ची शिला अद्याप आहे. तिच्यावर दोतोनचें कुळनाम यासुइ असेंच कोरलेलें आहे.