हिंगोलीचे बंगले

मागणी सरली म्हणजे उरलेला माल दुसऱ्या पेठेंत जातो, हा बाजाराचा साधा नियम धान्याला लागू पडतो, कापडाला पडतो. घराला पडत नाहीं. घर जेथें बांधलें तेथेंच राहतें. त्यांतून विस्तीर्ण आवाराचा बंगला असला, तर त्याला गिऱ्हाईक हजारांत एखादें. हिंगोलीच्या इतिहासांत याचा प्रत्यय येतो.

एकोणिसाव्या शतकांत हिंगोली हें हैदराबाद कंटिंजंट फौजेचें ठाणें होतें. फौजेवर हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची, खर्चाचा बोजा निजामावर. ही बाकी इतकी तुंबली कीं, १८५३ च्या तहानें वऱ्हाडासह कांहीं मुलूख इंग्रजांच्या हवालीं करावा लागला, आणि त्याच्या उत्पन्नांतून फौजेचा पगार निघूं लागला. छावणींतल्या बंगल्यांना भाडेकरू मिळे तो या पगारामुळें. रुंद व्हरांडा, बाग, तबेला हा थाट गांवच्या शेतींतून किंवा व्यापारांतून उठलेला नव्हता. सारी मागणी एकाच खजिन्यांतून येत होती.

१९०२ सालीं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेलें. पुढच्याच वर्षीं कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. जालना व मोमिनाबाद, म्हणजे आजचें अंबाजोगाई, यांच्या वांट्यालाही तेंच आलें. अशा वेळीं भाव उतरवून भागत नाहीं. दरसाल कौलें चाळणें, आवार राखणें, माळी-भिस्ती पोसणें ज्याच्या आवांक्यांत नाहीं, त्याला स्वस्तांतला बंगलाही महागच पडतो. खरा घाव बसतो तो बंगल्यावर पोट असणाऱ्यांना. साहेबाची बदली दुसऱ्या ठाण्यावर होते. भिश्त्याला दुसरें दार मिळेलच, याची शाश्वती नसते.

हिंगोली मात्र उजाड झाली नाहीं. कापसाची पेठ तेथें होतीच; १९१२ मध्यें पूर्णेहून आगगाडी आली. कापसाच्या व्यापाऱ्याला बंगल्याआधीं वखार लागते. ही मागणी भोंवतालच्या काळ्या जमिनींतून उगवलेली होती. ती एका हुकुमानें उठून जाणारी नव्हती.

१९९९ मध्यें हिंगोली स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें. रिसाला म्हणजे घोडदळ. तें जाऊन शंभरावर वर्षें लोटलीं, तरी शहराचा एक भाग अद्याप रिसाला बाजार म्हणूनच ओळखला जातो. गिऱ्हाईक गेलें, बाजाराला त्याचें नांव तेवढें उरलें.