एक चेहरा, आठ दारे

टेरेस हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे गच्ची उभी राहते. उन्हाळ्यात जिच्यावर आपण पापड वाळत घालतो आणि रात्री अंथरूण टाकतो, ती. परंतु इंग्लंड-आयर्लंडात या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. मधल्या भिंती सामाईक ठेवून, एकाच नकाशाबरहुकूम उभारलेली घरांची रांग, तिला तेथे टेरेस म्हणतात. आपल्या जुन्या पेठांतूनही घरे एकमेकांना टेकूनच उभी असतात. पण कोणाची माडी उंच, कोणाचा सज्जा पुढे, असा प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो. टेरेसमध्ये घरे अनेक असली तरी चेहरा एकच. हा एक चेहरा घडतो कसा, आणि मालक अनेक झाल्यावर तो टिकतो कसा, हे एका उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिच्या आग्नेयेस समुद्रकाठी डॉकी नावाचे एक गाव आहे. गावाच्या टोकाला कड्यावर आठ घरांची एक फिकट रंगाची रांग किलायनीच्या उपसागराकडे तोंड करून उभी आहे. तिचे नाव सोरेन्टो टेरेस. नाव इटालियन आहे, कारण या उपसागराचे नेपल्सच्या उपसागराशी साम्य आहे असे तेव्हाच्या हौशी लोकांना वाटले. शेजारच्या रस्त्यालाही त्यांनी विको हे तिकडचेच नाव दिले.

ही रांग तेथे आली कशी? तिची गोष्ट दगडापासून सुरू होते. डॉकीच्या टेकडीत उत्तम ग्रॅनाइट आहे. १८१७ साली जवळच किंग्जटाउन येथे (१९२० पासून याचे नाव डन लेरी) मोठे बंदर बांधावयास घेतले. त्यासाठी टेकडी फोडून दगड काढला गेला, आणि तो बंदरापर्यंत नेण्यासाठी लोखंडी रुळांचा मार्ग घातला गेला. पुढे १८३४ साली डब्लिनहून किंग्जटाउनपर्यंत आगगाडी आली. तिला डॉकीपर्यंत वाढविताना याच दगडवाहू मार्गाचा आधार घेण्यात आला.

ही वाढीव गाडी मोठी नवलाची होती. तिला ओढावयास इंजिनच नसे. दोन रुळांच्या मध्ये एक नळ घातलेला असे. डॉकीच्या टोकाला बसविलेले यंत्र त्यातील हवा शोषून घेई, आणि हवेच्या दाबाने नळातला दट्ट्या पुढे सरके. त्याला जोडलेले डबे आपोआप चढ चढत. परतीचा प्रवास उतारावरून, नुसत्या वजनावर! १८४४ साली ही गाडी लोकांसाठी सुरू झाली आणि १८५४ साली बंद पडली. आपली मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची, हे ध्यानात घेतले म्हणजे काळाचा अंदाज येईल.

गाडी आली, तशी शहरातील सुखवस्तू मंडळी आली. सोरेन्टोची जागा मॅकडॉनेल घराण्याकडे होती. या घराण्यातील रिचर्ड मॅकडॉनेल पुढे ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख झाले. १८४५ च्या सुमारास रांगेच्या टोकाचे मोठे घर, सोरेन्टो हाउस, उभे राहिले. मूळ बेत याहून लांब रांगेचा होता. प्रत्यक्षात घरे झाली आठच.

१८४५ हे साल वाचताना मात्र मन थबकते. याच वर्षी आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि महादुष्काळ सुरू झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. अशा काळात कड्यावर समुद्रदर्शनासाठी घरे बांधली जात होती. मग ही रांग जपावयाची ती कशासाठी? श्रीमंतांच्या हौसेचे स्मारक म्हणून?

माझ्या मते उत्तर त्या सामाईक भिंतीत आहे. टेरेसमधील कोणतेही घर एकटे नसते. शेजारचे पाडले तर आपल्या भिंतीचा टेकू जातो. एकाने वर-खाली सरकणारी जुनी खिडकी काढून नव्या धर्तीची बसविली, दुसऱ्याने गिलाव्याला भडक रंग दिला, तिसऱ्याने वर मजला चढविला, तर कोणाच्याही घराचा एक चिरा न ढळता रांग नाहीशी होते. तेथील सौंदर्य एकाच्या मालकीचे नाही. तो शेजाऱ्यांमधला करार आहे. बांधणाऱ्याची सत्ता आहे तोवर तो पाळला जातो. तो गेला, घरे विकली गेली, म्हणजे करार पाळावयाचा कोणी?

तेथे कायदा पुढे येतो. आयर्लंडच्या २००० सालच्या नियोजन कायद्यान्वये स्थानिक संस्थांना संरक्षित वास्तूंची नोंदवही ठेवावी लागते, आणि सोरेन्टो टेरेस त्या नोंदीत आहे. हे संरक्षण केवळ दर्शनी भागाचे नसते; सामान्यतः घराचा अंतर्भाग आणि आवारही त्यात येते. वास्तूचे स्वरूप पालटेल असे काम परवानगीशिवाय करता येत नाही, आणि दुर्लक्षाने वास्तू धोक्यात येऊ न देण्याची जबाबदारी मालकावर व तेथे राहणाऱ्यावर असते.

या घरांच्या किमती आज सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, हे खरे. परंतु रांग पाहावयास किंमत पडत नाही. विको रस्त्यावरून ती कोणालाही दिसते. बर्नार्ड शॉ मुलगा असताना १८६६ ते १८७४ या काळात याच टेकडीवरच्या टोर्का कॉटेज या लहानशा घरात राहत होता. ज्याच्या नाटकावरून पुढे १९७५ साली आपल्याकडे ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आली, तोच हा शॉ. हा उपसागर त्यालाही मिळाला.

म्हणून जपावयाची ती श्रीमंतांची घरे नव्हेत. एक चेहरा ठेवण्याचे आठ दारांनी दिलेले वचन जपावयाचे. आणि ते पाहताना नजर थोडी मागे, टेकडीच्या त्या फोडलेल्या कुशीकडेही वळवावी. घाम गाळून दगड काढणाऱ्यांनी रुळांची वाट पाडली, म्हणून ही रांग तेथे पोहोचली. त्यांच्या नावाची पाटी कोणत्याही दारावर नाही. रांग उभी आहे तोवर निदान त्यांची गोष्ट सांगावयास निमित्त तरी राहील.