साडेसहाचा आकडा

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या फाइलीत हल्ली एक कागद हमखास सापडतो. त्यावरच्या तपासणीचे नाव 'एचबीएवनसी', पण बोलताना आपण तिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतो. आकडा साडेसहा किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह. हा साडेसहा आला कुठून? मी पडलो बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण शब्द असो की आकडा, तो कुठल्या गावचा हे विचारायची मला खोड आहे. या आकड्याचे गाव शोधायला गेलो आणि पोहोचलो डोळ्यांच्या दवाखान्यात.

मधुमेह आपल्याला जुनाच. गोड लघवीचा हा आजार चरक-सुश्रुतांना माहीत होता. पण जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावण्याची सोय मात्र १८५१ पर्यंत नव्हती. त्या वर्षी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थाल्मोस्कोपची माहिती जगापुढे मांडली. चारच वर्षांनी व्हिएन्नाच्या एडुआर्ड फॉन येगर यांना एका मधुमेही रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्यावर पिवळसर डाग दिसले. बर्लिनचे फॉन ग्रेफे हे त्या काळचे मोठे नाव. या डागांचा मधुमेहाशी संबंध आहे, हे त्यांना पटले नाही. वाद बरीच वर्षे चालला. शिवाय हा विकार फारसा दिसतही नसे, कारण मधुमेही माणूस डोळे जाईपर्यंत जगतच नसे. १९२२ मध्ये इन्सुलिन आले, आयुष्य वाढले आणि मग डोळ्यांचे हे दुखणे घरोघर दिसू लागले.

आता गोष्ट तेहरानची. सॅम्युएल रहबर हे इराणी ज्यू डॉक्टर. जन्म १९२९, गाव हमदान. जिथे इब्न सिना या थोर हकिमाची कबर आहे, तेच हमदान. रहबर काही मधुमेहाच्या मागे नव्हते. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाचे वेगवेगळे प्रकार माणसांत कसे आढळतात, याचा ते शोध घेत होते. विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन सरकवले की त्याचे पट्टे पडतात. हजाराहून अधिक नमुने तपासताना दोघांच्या रक्तात त्यांना एक जादा पट्टा दिसला. हे दोघे कोण, म्हणून कागद काढले, तर दोघेही मधुमेही! मग त्यांनी आणखी मधुमेही तपासले. पट्टा तिथेही हजर. १९६८ मध्ये त्यांनी हे छापले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला हेलन रॅनी यांच्यासोबत काम करून ते पक्के केले. १९७६ मध्ये केनिग आणि सेरामी यांनी दाखवून दिले, की हा पट्टा म्हणजे रुग्णाच्या साखरेचा लेखाजोखाच आहे.

त्याची युक्ती सोपी आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि एकदा पक्की बसली की सहसा सुटत नाही. साखर जास्त, तर चिकटणारी जास्त. म्हणजे आदल्या दिवशी उपास करून हा आकडा बदलत नाही.

याचे मोल मला माझ्या मामूंमुळे कळले. मामू शिंपी. डॉक्टरकडे जायच्या आधी दोन दिवस ते चहा बिनसाखरेचा घेत, ईद असली तरी शीरखुर्म्याला हात लावत नसत. उपाशीपोटीची साखर छान येई. त्या वेळी आमच्या गावात तीन महिन्यांची तपासणी पोहोचलेली नव्हती. डोळे दाखवा म्हटले की म्हणायचे, "सुई ओवता येते ना मला? मग डोळ्याला काय धाड भरलीय?" नंतर एका सकाळी त्यांच्या डोळ्यापुढे काळी कोळिष्टके तरंगू लागली. आत रक्त सुटले होते. त्यांना वाटले मोतीबिंदू; पिकला की काढू. पण मोतीबिंदू भिंगाला होतो, हा पडद्याचा रोग. महिने तसेच गेले आणि गेलेली नजर परत आली नाही. या रोगात सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, सुईही ओवता येते. बारीक रक्तवाहिन्या मात्र आतून झिरपत असतात.

त्या का झिरपतात, नव्या कच्च्या वाहिन्या का फुटतात, यामागेही एक प्रथिनच निघाले. १९४८ मध्ये मायकेलसन यांनी तर्क केला, की रक्त कमी पडलेला पडदाच कसला तरी पदार्थ सोडत असावा. तो पदार्थ हाती यायला चाळीसेक वर्षे गेली. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन ओळखले, आणि १९९४ मध्ये ते मधुमेह्यांच्या डोळ्यांतल्या द्रवात वाढलेले सापडले. आज डोळ्यात जी इंजेक्शने देतात, ती यालाच आवरण्यासाठी. रक्तातली अशी प्रथिने मोजून डोळ्याचे भाकीत करण्याचे प्रयत्न बरेच झाले आहेत. पण नेहमीच्या दवाखान्यात डोळ्याच्या तपासणीची जागा घेईल, अशी रक्तचाचणी अजून हाती आलेली नाही.

रहबरांचा पट्टा मात्र टिकला. अमेरिका आणि कॅनडात १४४१ रुग्णांवर झालेल्या दीर्घ पाहणीचा निकाल १९९३ मध्ये आला. डोळे चांगले असलेल्या ज्या रुग्णांनी हा आकडा सातच्या आसपास ठेवला, त्यांच्यात पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका नऊच्या आसपास राहिलेल्यांपेक्षा ७६ टक्क्यांनी कमी निघाला. मग मधुमेह कुठून सुरू झाला म्हणायचे, हे ठरवताना तज्ज्ञांनी पडदाच समोर ठेवला. डोळ्यांतले बदल कुठल्या आकड्यापासून वाढू लागतात, ते पाहिले. २००९ मध्ये साडेसहा सुचवले गेले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते मान्य केले. रहबर १९७९ मध्ये इराण सोडून अमेरिकेला गेले होते. २०१२ मध्ये ते वारले. इन्सुलिनवाल्या बँटिंगचे नाव शाळेतल्या पोराला ठाऊक असते. रहबरांचे नाव तपासणी करून घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या कानावर आले असेल?

या चाचणीची एक गंमत आहे. रहबर शोधत होते हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार, आणि त्यांच्या चाचणीला फसवतात ते हेच प्रकार! विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल आढळतो. त्या रुग्णांच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. उलट लोह कमी असलेल्या बाईचा आकडा वाढून येऊ शकतो. म्हणून असे काही घरात असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. ते उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहतात, किंवा फ्रुक्टोसामाइन ही दुसरी तपासणी सांगतात. आणि आकडा कसाही येवो, मधुमेह्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा दाखवायचाच. थेंबांनंतर काही तास अक्षरे पुसट दिसतात आणि ऊन सोसवत नाही, तेव्हा जाताना सोबत कुणाला तरी न्यावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)