डिस्कच्या झोपेचा मागोवा

इंदूरमध्ये कॉम्प्युटर घ्यायचा किंवा दुरुस्त करायचा म्हटलं, की पावलं आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. जुन्या लॅपटॉपची फिरती हार्ड डिस्क काढून न फिरणारी एसएसडी बसवणं हे तिथल्या दुकानांचं नेहमीचं काम. गिऱ्हाइकाला दोन गोष्टी हव्या असतात : वेग आणि बॅटरी. वेगाचा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो. बॅटरीचं काय, ते मात्र डिस्कची वंशावळ चाळल्याशिवाय कळत नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष भलताच अवजड होता. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या रॅमॅक या संगणकाच्या डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या फिरत. वजन सुमारे टनभर, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. वीज किती लागते याची फिकीर कोणी केली नाही, कारण ती भिंतीतून येत होती. फिकीर सुरू झाली ती डिस्क माणसाच्या मांडीवर येऊ लागली तेव्हा. १९८८ साली प्रेरीटेक या अमेरिकी कंपनीने अडीच इंची, २० एमबीची डिस्क काढली आणि पुढे हाच आकार लॅपटॉपचा ठरला.

तबकडी लहान झाली तरी फिरायची थांबली नाही. काम नसतानाही ती गरगरत राही आणि वॉटभराच्या आसपास वीज खाई. मग तिला झोपवायची युक्ती निघाली : काही मिनिटं कोणी काही मागितलं नाही, तर मोटर बंद. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने वीजबचतीची सामाईक पद्धत ठरवली आणि ही शिस्त बळावली. पण थांबलेली तबकडी पुन्हा फिरवताना क्षणभर पाचेक वॉट लागत. दर सिग्नलला स्कूटर बंद करून किक मारण्यासारखंच ते. सिग्नल छोटा असेल तर पेट्रोल वाचण्याऐवजी जास्तच जळायचं.

न फिरणारी शाखा जपानमध्ये फुटली. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी घडवली. आजच्या एसएसडीत असते ती तिची नँड ही जात १९८७ ची. १९९१ साली सनडिस्कने, म्हणजे आजच्या सॅनडिस्कने, आयबीएमला २० एमबीची फ्लॅश डिस्क पुरवली; किंमत हजार डॉलरच्या घरात. किमतीमुळे ही शाखा बराच काळ श्रीमंतांपुरती राहिली. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये ६४ जीबी एसएसडीसाठी ९९९ डॉलर जादा मोजावे लागत. गंमत म्हणजे, त्याच्या काही महिने आधीच रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेत बिनतबकडीचे लॅपटॉप पोचले होते. मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाच्या त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत जेमतेम १ जीबी फ्लॅश होती, कारण ती यंत्रं कमीत कमी विजेवर चालावीत असाच बेत होता.

याच सुमारास एक वाद पेटला. २००८ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने चाचणी घेऊन जाहीर केलं, की एसएसडीने बॅटरी वाढत नाही, उलट घटते. नंतर त्यांनाच मोजणीतली मेख कबूल करावी लागली. एसएसडीमुळे लॅपटॉप तेवढ्याच वेळात जास्त काम उरकत होता, म्हणून प्रोसेसरही जास्त राबत होता. एक गोष्ट मात्र खरी निघाली : सुरुवातीच्या काही एसएसडींना स्वस्थ बसताच येत नव्हतं. मोटर नसूनही त्या रिकाम्या वेळी वीज पीत.

पुढची दहा वर्षं म्हणूनच त्यांना झोपायला शिकवण्यात गेली. साटा जोडणीच्या एसएसडींसाठी डेव्हस्लीप ही झोपेची सोय आली आणि गाढ झोपेतला खर्च काही मिलिवॉटवर उतरला. त्याहून वेगवान जोडणीच्या एनव्हीएमई एसएसडी तर आपणहून हलक्या झोपेतून गाढ झोपेत जाऊ लागल्या.

आता हिशेब करू. ४५ वॉट-तासांची बॅटरी आणि सरासरी ९ वॉट खर्च, म्हणजे लॅपटॉप ५ तास चालेल. डिस्कचा एक वॉट वाचला, तर साडेपाच तासांच्या थोडं वर. तेवढीच कमाई, बाकीची वीज पडदा आणि प्रोसेसर नेतात. पण एका एसएसडीच्या जागी दुसरी, आणखी वेगवान एसएसडी घातली, तर हीही कमाई होत नाही.

मध्य प्रदेशात राज्य बोर्डाच्या बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देतं. तेवढ्यात घेणाऱ्याने वाचनाच्या वेगावर पैसे उधळू नयेत. फिरती डिस्क टाळावी, साधी एसएसडी घ्यावी आणि कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात रिकाम्या वेळचा खर्च पाहावा. लिहिता-वाचताना डिस्क बहुतेक वेळ रिकामीच असते. त्या रिकामपणी ती किती मिलिवॉट घेते, यावरच तिची निवड व्हावी.