सहाध्यायी साहाय्य गट

सहाध्यायी साहाय्य गट म्हणजे शिक्षणाच्या एकाच टप्प्यावर असलेल्या विद्यार्थ्यांनी परस्परांच्या मदतीसाठी स्वतःहून चालवलेला लहान गट होय. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे आणि पीएच.डी.चे विद्यार्थी असे गट प्रामुख्याने पुढील करिअरचे नियोजन करण्यासाठी स्थापन करतात. गटात कोणीही पगारी मार्गदर्शक नसतो. सर्व सदस्यांचा दर्जा समान असतो आणि प्रत्येक जण मदत घेणारा तसाच देणाराही असतो. या बाबतीत असा गट शिकवणी वर्ग, महाविद्यालयाचा प्लेसमेंट विभाग आणि व्यावसायिक समुपदेशन यांहून वेगळा ठरतो. महाराष्ट्रात या गटांना सामान्यतः ‘अभ्यास गट’ किंवा नुसते ‘ग्रुप’ म्हटले जाते.

पार्श्वभूमी

पदव्युत्तर शिक्षणानंतरच्या वाटा पदवीनंतरच्या वाटांपेक्षा कमी ठरलेल्या असतात. अध्यापन, संशोधन, शासकीय सेवा, उद्योग आणि परदेशी शिक्षण यांपैकी प्रत्येक वाटेची पात्रता, वयोमर्यादा व अर्जाचे वेळापत्रक निराळे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा व सर्वसाधारण कमाल कालावधी सहा वर्षांचा आहे. एवढ्या काळात नोकरीचे नियमही बदलू शकतात. २०१८ च्या नियमांनी विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य केली होती. तिची अंमलबजावणी आधी लांबणीवर टाकण्यात आली आणि जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट ही या पदाची किमान पात्रता ठरवण्यात आली. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी विद्यापीठात शिकलेले नाही, अशा विद्यार्थ्यांना या बदलांची माहिती कुटुंबातून मिळण्याची शक्यता कमी असते. ही उणीव भरून काढण्याचे काम बहुतेकदा सोबतचे विद्यार्थीच करतात.

मानसिक ताण हे या गटांमागचे दुसरे कारण आहे. २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात २६ देशांतील २३४ संस्थांमधून २,२७९ जणांनी भाग घेतला होता व त्यांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे होते. त्यांपैकी ४१ टक्के जणांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची आणि ३९ टक्के जणांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. सहभाग ऐच्छिक असल्याने हे आकडे सर्वच विद्यार्थ्यांना लागू होतात असे म्हणता येत नाही. तथापि या सर्वेक्षणामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न चर्चेत आला.

महाराष्ट्रातील परंपरा

विद्यार्थ्यांनी एकत्र राहून एकमेकांच्या आधाराने शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात वसतिगृहांच्या चळवळीतून रुजली. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यानंतर विविध समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवले व श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाची ‘कमवा व शिका’ ही पद्धत रूढ केली. पुण्यात अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन झाली. ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी ही संस्था वसतिगृहे चालवते.

अलीकडच्या काळात राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये यवतमाळ येथे सुरू केलेल्या एकलव्य फाउंडेशनने हेच तत्त्व उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी वापरले. घरात प्रथमच पदवी घेणाऱ्या तरुणांना नामांकित संस्थांमधील पदव्युत्तर प्रवेशासाठी ही संस्था तयार करते. त्या संस्थांमध्ये शिकत असलेले किंवा शिकून गेलेले विद्यार्थी त्यांना मार्गदर्शन करतात.

कार्यपद्धती

गट सामान्यतः एका टेबलाभोवती बसता येईल इतकाच मोठा ठेवला जातो. बैठकीचा वार व वेळ ठरलेली असते. बैठकीत प्रत्येक सदस्य मागील बैठकीत ठरवलेले काम झाले की नाही ते सांगतो, एक अडचण मांडतो आणि पुढील बैठकीपर्यंतचे काम ठरवतो. याशिवाय गटात पुढील कामे केली जातात :

• शिष्यवृत्ती, अधिछात्रवृत्ती, परीक्षा व पदभरती यांच्या अंतिम तारखांची एकत्रित नोंद ठेवणे.
• परस्परांचे बायोडेटा, अर्ज व संशोधन आराखडे वाचून दुरुस्त्या सुचवणे.
• अभिरूप मुलाखती घेणे. यात एक सदस्य उमेदवार होतो, इतर मुलाखत मंडळ होतात आणि शेवटी उत्तरांवर चर्चा होते.
• वर्णनात्मक उत्तरे लिहून एकमेकांकडून तपासून घेणे.
• नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना बोलावून प्रत्यक्ष कामाचे स्वरूप जाणून घेणे.

गटात सांगितलेल्या वैयक्तिक गोष्टी बाहेर न सांगणे, हा बहुतेक गटांचा अलिखित नियम असतो. समन्वयाचे काम आळीपाळीने केल्यास त्याचा भार एकाच सदस्यावर पडत नाही.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड

पुणे शहरात अशा गटांचे दोन प्रमुख प्रकार दिसतात. पहिला प्रकार स्पर्धा परीक्षार्थींचा असून तो अभ्यासिका, खोल्या व खानावळी यांच्या आधाराने चालतो. या गटांचे महत्त्व परीक्षापद्धती बदलताना विशेष जाणवते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२३ पासून वर्णनात्मक करण्याचे ठरवले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर हा बदल २०२५ पासून लागू करण्याचा निर्णय झाला. बहुपर्यायी प्रश्नांची तयारी एकट्याने करता येते. लिहिलेल्या उत्तराला मात्र वाचणारा दुसरा कोणी लागतो. त्यामुळे उत्तरे तपासून देणाऱ्या सहाध्यायांची गरज वाढली.

दुसरा प्रकार संशोधक विद्यार्थ्यांचा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे विभाग व जयकर ज्ञानस्रोत केंद्र, पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर यांमुळे शहरात संशोधकांची मोठी वस्ती आहे. या गटांच्या चर्चेत नेट व सेट, अधिछात्रवृत्तीचे हप्ते, शोधनिबंधांचे प्रकाशन आणि परदेशातील संशोधनाच्या संधी हे विषय असतात. बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींवर संशोधन करणाऱ्यांसाठी त्यांतील अटी व कागदपत्रे हा परस्पर साहाय्याचा मोठा भाग ठरतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये यात नोकरी करत शिकणाऱ्यांची भर पडते. कारखान्यात काम करून एम.टेक., एम.बी.ए. किंवा दूरस्थ पदव्युत्तर अभ्यासक्रम करणाऱ्यांना महाविद्यालयाच्या वेळेत होणाऱ्या मार्गदर्शनाचा लाभ घेता येत नाही. पाळ्या बदलत असल्यास ठरावीक वारी भेटणेही कठीण होते. अशांच्या गटाला साप्ताहिक सुट्टीचा दिवस किंवा पाळी सुटल्यानंतरची वेळ निवडावी लागते. मुळा व पवना नद्यांच्या संगमाजवळील दापोडी हा भाग अशा भेटींसाठी भौगोलिकदृष्ट्या सोयीचा आहे. एसटी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा व सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहे. पुणे–लोणावळा लोकलचे स्थानक खडकी व कासारवाडी यांच्या दरम्यान आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी फुगेवाडी ते दिवाणी न्यायालय हा मेट्रोचा टप्पा सुरू झाल्यावर दापोडीतून एकीकडे पिंपरी आणि दुसरीकडे शिवाजीनगर गाठणे सुकर झाले.

मर्यादा

सर्व सदस्यांची पार्श्वभूमी सारखी असेल तर त्यांची माहितीही सारखीच व तितकीच अपुरी राहते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. अमेरिकेतील बॉस्टनच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी केवळ १६.७ टक्के जणांना वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीकडून माहिती मिळाली होती, ५५.६ टक्के जणांना अधूनमधून भेटणाऱ्या, तर २७.८ टक्के जणांना क्वचितच भेटणाऱ्या व्यक्तीकडून. जवळच्या मंडळींना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून गटाने आधारासाठी आपापसांतील जवळीक जपतानाच माहितीसाठी इतर विद्याशाखा, माजी विद्यार्थी व उद्योगांतील परिचित यांच्याशी संपर्क ठेवणे आवश्यक ठरते.

दुसरी मर्यादा गटाच्या एकजुटीतूनच निर्माण होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षा २०२३ मधून अंतिमतः १,०१६ उमेदवारांची शिफारस झाली, तर अर्जदारांची संख्या लाखांत होती. अशा परीक्षांत बहुतेक सदस्यांना अपयश येणे अटळ असते. मात्र सर्वच जण ‘आणखी एक प्रयत्न’ करत असतील, तर थांबण्याचा निर्णय घेणाऱ्याला आपण साथ सोडतो आहोत असे वाटते आणि तो निर्णय लांबतो. किती प्रयत्न करायचे व कोणत्या वयापर्यंत, हे प्रत्येकाने तयारीच्या आरंभीच ठरवावे, पर्यायी वाटेची चर्चा गटात खुलेपणाने व्हावी आणि बाहेर पडणारा सदस्य गटाचा परिचित म्हणून जोडलेला राहावा, हा यावरील उपाय होय. वेगळी वाट धरलेला असा सदस्य पुढे उरलेल्यांसाठी माहितीचा नवा स्रोत ठरू शकतो.

सहाध्यायांचा आधार हा उपचाराला पर्याय नाही. सततची निद्रानाशाची तक्रार, नैराश्य किंवा आत्मघाताचे विचार दिसून आल्यास सदस्याला तज्ज्ञांकडे नेणे हे गटाचे कर्तव्य मानले जाते. भारत सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

हेही पहा

• कमवा व शिका योजना
• महाराष्ट्र लोकसेवा आयोग
• राष्ट्रीय पात्रता परीक्षा
• दापोडी