अल्लाने घातलेला बांध

शेताला बांध घालायचा म्हणजे किती घाम गाळावा लागतो, हे तुम्हां शेतकरी मंडळींना मी काय सांगावे! पण कच्छच्या रणात एक बांध आहे, पन्नास मैलांहून लांब आणि जागोजागी दहा ते वीस फूट उंच. तो एका संध्याकाळी उभा राहिला. लोक त्याला 'अल्ला बंद' म्हणतात. बंद म्हणजे बांधच. मग अल्लाचे नाव कशाला? तर माणसांनी घातलेले बांध तिथे आधीपासून होते, म्हणून!

पूर्वी सिंधू नदीचा एक फाटा पश्चिम कच्छमधून समुद्राला मिळे. त्याच्या पाण्यावर तिथे भात पिके. सन १७६२ मध्ये सिंधचा राज्यकर्ता गुलाम शाह कल्होरा कच्छवर चालून आला आणि झाऱ्याला मोठी लढाई झाली. पुढे त्याने मोरा येथे त्या फाट्यावर बांध घालून शेजाऱ्याचे पाणी तोडले. त्याच्यामागून आलेल्यांनीही बांध घातले. भाताची खाचरे मिठाने पांढरी पडली.

अशात १६ जून १८१९ चा दिवस उजाडला. तिन्हीसांजेला धरणी हादरली. भूजची घरे कोसळली. दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार पडले. जमिनीच्या पोटात खडक तिरक्या भेगेवर सरकला आणि एक बाजू दुसरीवर चढली. उत्तरेची जमीन उचलली गेली, तोच अल्ला बंद. दक्षिणेची खचली. तिथे सिंदरीचा किल्ला होता, जकातीचे ठाणे. कोरी खाडीतून समुद्र आत घुसला आणि किल्ला बुडाला. एक बुरूज तेवढा वर राहिला. त्यावर चढलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी होड्यांनी सोडवले. अलेक्झांडर बर्न्स नावाचा ब्रिटिश अधिकारी १८२८ मध्ये होडीतून तिथे गेला, तेव्हाही तो बुरूज पाण्यावर डोके काढून होता.

आणि नदी? १८२६ मध्ये सिंधूला महापूर आला. त्याने माणसांचे बांध फोडलेच, पण अल्लाचा बांधही चिरून पाणी खाली उतरले! मात्र ती वाट टिकली नाही. खालचे लखपत बंदर ओस पडत गेले. त्याचा भक्कम तट आजही उभा आहे. आत घरे मोजकीच.

लखपत भूकंपाने बुडवले, असे सर्रास सांगतात. मला ते अर्धेच खरे वाटते. भातशेती तर भूकंपाच्या कितीतरी आधी माणसांनीच मारली होती. शिक्षकांनी हा धडा शिकवताना मोरा हे नावही फळ्यावर लिहावे.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ पुन्हा हादरला. सुमारे वीस हजार माणसे गेली. त्या वेळी रणात जमीन फाटून वाळू आणि पाण्याची कारंजी उडाली. उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांत, कधीच्या कोरड्या पडलेल्या जुन्या प्रवाहांच्या खुणा काही दिवस पुन्हा ओल्या दिसत होत्या.